डिसेंबरात अंदमान : सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा आणि पाच रात्री. कार्यक्रम बघून सांगा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरतंय. आम्ही चौघं : मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढतात पण कठडा धरून, दमादमाने. एरवी कुठे चला म्हटलं की "तुम्ही जाऊन या, मी घर बघते" असं म्हणणाऱ्या. या वेळी मात्र आपणहून म्हणाल्या, "सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायचीय." त्यामुळे बाकी काही राहिलं तरी चालेल, ते व्हायलाच हवं. मुलाला मासे बघायचेत, तेही पाण्यात डोकं घालून. गेल्या उन्हाळ्यात तो पोहायला शिकलाय. मला आणि नवऱ्याला जमलं तर स्कुबा करायचंय, आणि नाहीच जमलं तर नुसतं समुद्राकाठी बसायलाही आवडेल.

इथे साताऱ्यातल्या एका एजंटने पाच रात्रींचा कार्यक्रम दिलाय. पहिला दिवस सकाळी पोर्ट ब्लेअर, दुपारी सेल्युलर जेल, रात्री लाइट अँड साउंड. दुसरा दिवस रॉस आणि नॉर्थ बे. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठून बाराटांग, परत पोर्ट ब्लेअर. चौथ्या दिवशी दुपारच्या बोटीने हॅवलॉक, संध्याकाळी राधानगर बीच. पाचव्या दिवशी सकाळी एलिफंट बीच, दुपारी नील बेट, तिथे मुक्काम. सहाव्या दिवशी सकाळी नीलहून बोटीने पोर्ट ब्लेअर आणि तिथून दुपारचं विमान.

कागदावर छान दिसतंय, पण वाचतानाच मला धाप लागली. हे सासूबाईंना झेपेल का? बोट लागते का? त्या शाकाहारी आहेत आणि गुरुवारचा उपास करतात, तिथे काय मिळेल? डिसेंबरात पाऊस असतो का? जाऊन आलेल्यांनी, किंवा तिथली माहिती असणाऱ्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा. पैसे अजून भरलेले नाहीत.

जंगलीघाट

कृष्णाकाठताई, पैसे भरायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत.

माझे यजमान बंदराच्या कामावर होते, त्यामुळे आमच्या संसाराची बरीच वर्षं पोर्ट ब्लेअरला गेली, जंगलीघाट भागात. आता आम्ही मिरजेला असतो. सासरची, माहेरची, यजमानांच्या मित्रांची कितीतरी माणसं आमच्या घरी उतरून बेटं बघून गेली. कोण आनंदात परतलं आणि कोण दमून, वैतागून परतलं ते मी जवळून पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी शेवटचा दिवस खोडा. सकाळी नीलहून बोट आणि त्याच दुपारी विमान, हे कुणीही कितीही खात्रीने सांगितलं तरी घेऊ नका. डिसेंबर हा तिथला चांगला महिना. दिवसा तिशीच्या आत-बाहेर, रात्री तेवीस-चोवीस, आकाश बहुतेक मोकळं. पण बंगालच्या उपसागरात या दिवसांत एखादं वादळ उठू शकतं. २०१६ च्या डिसेंबरात हॅवलॉकवर शेकडो पर्यटक अडकून पडले होते आणि नौदलाला जहाजं पाठवून त्यांना आणावं लागलं. एवढं मोठं काही नसलं, नुसता वारा वाढला, तरी बोटी सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. विमान मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची.

दुसरी गोष्ट उजेडाची. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की डिसेंबरअखेर साडेपाचच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाचला मावळतो. साडेपाचला काळोख. आता एजंटचा चौथा दिवस पुन्हा वाचा : दुपारची बोट, मग हॅवलॉकला उतरायचं, सामान टाकायचं, जेवायचं आणि मग राधानगर. जेट्टीपासून राधानगर बारा-एक किलोमीटर आहे. तुम्ही पोचाल तेव्हा शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढत असतील. ज्या किनाऱ्यासाठी माणूस एवढ्या लांब येतो, तो अर्धा तास आणि तोही अंधुक उजेडात! मला असे कार्यक्रम बघून खरंच वाईट वाटतं. तिथे दिवस पहाटे पाचला सुरू करायचा, दुपारी जेवून झोपायचं, साडेतीनला पुन्हा बाहेर पडायचं. मुलं याला लगेच सरावतात.

आता माझं म्हणणं स्पष्टच सांगते : बेटं कमी करा. पाच रात्रींत हॅवलॉक एके हॅवलॉक. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथे सलग तीन रात्री, पाचव्या दिवशी सकाळच्या बोटीने परत, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर, सहाव्या दिवशी विमान. नील सोडा. नील सुंदर आहे, शांत आहे, भाजीपाल्याच्या शेतांमधून जाणारे छोटे रस्ते आहेत, मला स्वतःला हॅवलॉकपेक्षा जास्त आवडतं. पण प्रत्येक बेट वाढवलं की एक बॅग भरणं, एक जेट्टी, एक रांग, एक सामान तपासणी वाढते, आणि ती सगळी सासूबाईंच्या गुडघ्यांवर येते. नॉर्थ बेही सोडा. तिथे गर्दी फार, आणि तिथे जे पाण्याखाली दिसतं त्याहून चांगलं हॅवलॉकला दिसेल.

सेल्युलर जेलसाठी या कार्यक्रमात दोन संधी मिळतात, पहिला दिवस आणि पाचवा. पहिल्या दिवशी रात्रभरच्या प्रवासाने सासूबाई दमलेल्या असतील तर त्यांना झोपू द्या. पाचव्या दिवशी बोट सकाळीच पोचते, दुपार मोकळी असते.

कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, एका लांब ओवरीच्या अगदी शेवटी. म्हणजे आधी जिने आणि मग ती ओवरी. त्यांना घाई करू नका. खाली बघण्यासारखं भरपूर आहे : फाशीघर, कोलू म्हणजे तेलाचा घाणा, कैद्यांचे कपडे, फोटो. आधी तिथे बसत बसत फिरा, मग एकेक मजला करून वर जा आणि प्रत्येक मजल्यावर थांबा. वरच्या ओवरीतून जाताना मुलाला दाराची कडी दाखवा. कडीचा लांब दांडा दारापासून बाजूला भिंतीतल्या खोबणीत जातो आणि कुलूप तिथे लागतं, गजांतून कितीही हात बाहेर काढला तरी पोचत नाही. आमच्या भाच्याने प्रत्येक दाराशी हात घालून बघितला होता. पुस्तकातल्या पानभर मजकुराने जे त्याला कळलं नसतं ते त्या एका कडीने कळलं. आणखी एक दाखवा : तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात इमारती होत्या, आज तीनच उभ्या आहेत. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर दोन कैदी एकमेकांना दिसूच नयेत. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं खपून हे बांधलंय. १९११ च्या जुलैत सावरकरांना तिथे आणलं तेव्हा थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते, आणि तरी दोघा भावांची कित्येक दिवस गाठ पडली नाही. हे तिथे उभं राहून सांगितलं की अंगावर काटा येतो.

लाइट अँड साउंडचा हिंदी खेळ घ्या. आवारातला पिंपळ सगळी हकिकत सांगतो अशी त्याची रचना आहे. उघड्यावर बसायचं असतं, डास असतात, सासूबाईंना पायघोळ काहीतरी आणि ओडोमॉस द्या. नाताळात तिकिटं संपतात, आधी काढून ठेवा. पण फक्त खेळ बघून परत येऊ नका. रात्री कोठड्या बघता येत नाहीत. उजेडात तुरुंग, अंधारात खेळ, हा क्रम.

रॉस बेट पाचव्या दिवशी दुपारी जमलं तर करा, नाही तर सोडा. अबर्डीन जेट्टीवरून छोटी बोट, थोड्याच वेळात पोचते. इंग्रजांचे मोडके बंगले आणि चर्च वडापिंपळाच्या मुळांनी अक्षरशः कवळून धरलेत, हरणं माणसांमधून फिरतात. वयस्कांसाठी बॅटरीवरची गाडी मिळते.

एक सूचना, तिकिटांवर नवी नावं असतात. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही २०१८ पासून. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. माझ्या तोंडी जुनीच बसलीत म्हणून ती लिहितेय, तुम्ही गोंधळू नका.

बोट लागण्याबद्दल. खाजगी बोटी दीड तासात हॅवलॉकला नेतात, वातानुकूलित असतात, विमानासारख्या खुर्च्या. पण त्या बंद असतात, गार वारा खायला बाहेर येता येत नाही. ज्यांना एसटीत घाटात उलटी होते त्यांना तिथेही होण्याची शक्यता धरा. सासूबाईंना चालत असेल तर डॉक्टरांना विचारून अवोमिन निघण्याआधी अर्धा तास द्या. बसायला खालचा मजला, मधली किंवा मागची जागा. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको. सकाळी समुद्र शांत असतो, म्हणूनही सकाळची बोट.

जेवणाची काळजी करू नका. पोर्ट ब्लेअरला अबर्डीन बाजारात इडली-डोसा, दक्षिणी थाळी कुठेही मिळते. हॅवलॉकवर वस्ती मुख्यतः बंगाली, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना तिथे वसवलं होतं. भात, डाळ, पोळी, भाजी मिळते. फक्त मागवताना "मच्छी बिलकुल नहीं" असं आधीच सांगायचं, कारण तिथे मासा हा रोजच्या जेवणाचाच भाग आहे. उपासाला केळी आणि शहाळी भरपूर. भाजलेला साबुदाणा, दाण्याचं कूट आणि जिरं एकत्र करून घरून न्या, हॉटेलवाले परतून देतात, आमच्या पाहुण्यांनी नेहमी केलंय. साताऱ्याचे आहात म्हणजे भाजके दाणे न्यायला मी सांगायला नकोच.

देवबाग

वरच्या काकूंनी लिहिलेलं सगळं बरोबर. मी देवबाग-तारकर्लीला पर्यटकांना पाण्यात नेतो, हॅवलॉकलाही एक हंगाम काम केलंय. मासे बघण्यापुरतं लिहितो.

ताई, पोराचा चष्मा, म्हणजे मास्क, घरूनच न्या. तिथे मिळणारे मोठ्यांच्या मापाचे असतात, लहान तोंडाला बसत नाहीत, पाणी आत जातं, पोर घाबरतं आणि मग "मला नको" म्हणून बोटीवर जाऊन बसतं. दुकानात माप असं बघायचं : पट्टा न लावता मास्क नुसता तोंडावर टेकवायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो बरोबर. कपाळावरचे केस आत अडकू द्यायचे नाहीत. मिशीवाल्यांचा मास्क वरच्या ओठाशी गळतो, तुमच्या मिस्टरांना मिशी असेल तर तेवढी बारीक करायला सांगा. पाण्यात उतरण्याआधी काचेला आतून थुंकी चोळून विसळायची, वाफ धरत नाही. आम्ही सगळे तेच करतो.

तोंडाने श्वास घ्यायचा सराव घरी करून घ्या. बादलीत पाणी, तोंडात नळी, डोकं पाण्यात. चार-पाच दिवस रोज थोडं केलं की मुलगा तिथे पहिल्याच दिवशी मासे बघेल. तो पोहत असला तरी लाइफ जॅकेट काढू देऊ नका. पाठ जाम भाजते, पूर्ण बाह्यांचा घट्ट शर्ट घाला.

एलिफंट बीचला जेट्टीवरून बोट जाते. पोहोचल्यावर पाण्यातच पाय टाकून उतरावं लागतं, बोट हलत असते. गुडघेदुखीच्या माणसाला मी कधीच नेणार नाही. त्या दिवशी आजींसोबत एकाने मागे थांबा.

ओहोटीचं बघायला विसरू नका. आमच्याकडे तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. तो हिशेब अंदमानला लागू नाही, तिथला समुद्र वेगळ्या वेळेला भरतो. पोर्ट ब्लेअरचं वेगळं कोष्टक मिळतं, ते बघा किंवा हॉटेलात विचारा. हॅवलॉकला विजयनगर किनाऱ्याच्या बाजूला ओहोटीला पाणी लांब आत जातं, खडक आणि दगड उघडे पडतात, तिथे पोहता येत नाही. हॉटेलच्या फोटोत निळंशार पाणी दिसतं तो फोटो भरतीचा. राधानगरला ही अडचण नाही, तिथे वाळूच वाळू. पण आखून दिलेल्या पट्ट्यातच पोहायचं. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ अजिबात जायचं नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत तिथे आणि पूर्वी राधानगरजवळच्या खडकाळ बाजूला माणसावर हल्ला झालेला आहे. पाट्या लावल्यात, त्या खऱ्या आहेत.

स्कुबा : दहा वर्षांखाली नाही, त्यामुळे पोराला नुसतं स्नॉर्केलिंग. तुम्हा दोघांना पोहता आलं नाही तरी चालेल, प्रशिक्षक धरून नेतो. दमा, रक्तदाब, कानाचं दुखणं असेल तर फॉर्मवर खरं लिहा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका, कान फुटायची वेळ येते. आणि डायव्हिंगनंतर निदान अठरा तास, शक्यतो चोवीस, विमानात बसायचं नाही. काकूंच्या कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी डायव्हिंग केलंत तर प्रश्नच येत नाही.

शेवटचं मनापासून : प्रवाळावर पाय ठेवू नका. ते दगडासारखं दिसतं पण जिवंत असतं. २०१० मध्ये पाणी तापून अंदमानातलं खूप प्रवाळ पांढरं पडलं होतं, काही जागा अजून सावरतायत. पोरांना आधी सांगितलं तर ती मोठ्यांपेक्षा नीट ऐकतात.

फिरस्ता_नाशिक

सगळं पटलं, पण बाराटांग एकदम कापणं मला नाही पटत. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. खारफुटीच्या बोगद्यातून स्पीडबोट जाते तो अनुभव दुसरीकडे कुठे मिळणार? चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे. इतक्या लांब जाऊन ते सोडायचं? आणि वाटेत जारवा आदिवासी दिसले तर दिसले, मुलाला आयुष्यभर लक्षात राहील. आजींना एक दिवस हॉटेलात आराम करू द्या, बाकी तिघं जाऊन या.

जंगलीघाट

फिरस्ता, खारफुटी आणि गुहा सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण तुमच्या जारवांबद्दलच्या वाक्याशी मी थांबले, आणि त्याबद्दल मला बोललंच पाहिजे.

आधी साधा हिशेब. पोर्ट ब्लेअर ते बाराटांग शंभरेक किलोमीटर. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या पहाटेच्या ताफ्यात नंबर लागावा म्हणून रात्री तीनला निघायचं. मग जंगलातून ताफा, मग गाड्यांची मोठी बोट, मग छोटी बोट, मग गुहेपर्यंत किलोमीटरभराहून जास्त चाल, आणि तेच सगळं उलट. पाच रात्रींच्या सहलीतला एक आख्खा दिवस आणि दोन दिवसांची झोप. सासूबाई एकट्या अनोळखी गावात हॉटेलात. आठ वर्षांचं पोर अर्धा वेळ गाडीत पेंगणार.

आणि जारवा. तो रस्ता त्यांच्या राखीव जंगलातून जातो, हजारभर चौरस किलोमीटरचं जंगल आणि माणसं अवघी काही शे. बाहेरच्यांशी त्यांचा मोकळा संपर्क यायला लागला तो १९९७-९८ च्या सुमारास. पाठोपाठ १९९९ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडे मुलाला येऊन जातो तो गोवर, त्यांच्या शरीराला त्याची ओळखच नव्हती. राखीव जंगलातला रस्ता बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं. रस्ता चालूच राहिला. आज ताफ्याला थांबायची, काच खाली करायची, फोटो काढायची, काही खायला द्यायची बंदी आहे, आणि फोटो काढणं हा तुरुंगापर्यंत नेणारा गुन्हा आहे. हे नियम का करावे लागले, कारण लोक बिस्किटं फेकत होते आणि नाचायला सांगत होते. आम्ही तिथे राहत होतो तेव्हा पर्यटकांच्या तोंडून "आज चार दिसले, काल दोनच" असं ऐकू यायचं. तिथे जे दिसतं ते एक घरचं माणूस असतं, लेकराला कडेवर घेऊन स्वतःच्या जंगलातल्या वाटेने चाललेलं. मुलाच्या आयुष्यभर लक्षात राहावं म्हणून त्यांच्या दारावरून गाड्यांची रांग न्यायची, हे मला मान्य नाही.

मुलाला या लोकांबद्दल सांगायचं असेल, आणि जरूर सांगावं, तर पोर्ट ब्लेअरला मानववंशशास्त्राचं संग्रहालय आहे. जारवा, ओंगी, सेंटिनली, शोंपेन, निकोबारी यांची घरं, होड्या, टोपल्या, धनुष्यं नीट मांडलीत. तासाभरात होतं आणि त्यात कुणाला त्रास नाही. खारफुटी बघायची असेल तर हॅवलॉकला कयाकमधून नेतात, आणि सावकाश वल्हवत गेलं की स्पीडबोटीपेक्षा जास्त दिसतं. पाणी शांत असतं, आठ वर्षांचा मुलगा मोठ्या माणसासोबत बसू शकतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. कडीचं वर्णन त्यांनी दोनदा वाचायला लावलं. बाराटांगबद्दल मी काही बोलायच्या आतच "आपल्याला नाही जायचं तिकडे" म्हणाल्या, त्यामुळे तो विषय घरात संपला.

एजंटशी बोलले. आधी जरा कुरकुरला, "एवढ्या लांब जाऊन एकच बेट?" म्हणाला, पण बदलून देतोय. आता असं आहे : पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, तीन रात्री हॅवलॉक, पाचवी पोर्ट ब्लेअर. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नवरा आळीपाळीने डायव्हिंग करणार, एक जण सासूबाई आणि मुलासोबत. चौथ्या दिवशी नवरा मुलाला एलिफंट बीचला नेईल, मी आणि सासूबाई राधानगरला. नवरा मिशी कापायला तयार नाही, बघू.

काही प्रश्न उरलेत. पुण्याहून विमान कोलकात्यामार्गे घ्यावं की चेन्नईमार्गे? कोलकात्याचं जरा स्वस्त आहे. राधानगरला सासूबाईंना सावलीत बसायला जागा असते का? आणि मुलाने शंख-शिंपले गोळा करायला आत्ताच एक डबा काढून ठेवलाय, त्याचं काय करू?

जंगलीघाट

कार्यक्रम आता उत्तम झालाय. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

विमान : चेन्नई किंवा बंगळूरूमार्गे घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. डिसेंबरअखेर कोलकात्याला पहाटे धुकं पडतं, विमानं रखडतात, आणि पुढचं चुकलं तर नाताळाच्या गर्दीत दुसऱ्या दिवशीची जागा मिळणं कठीण. चेन्नईला डिसेंबरात पाऊस असू शकतो, पण मला त्यापेक्षा धुक्याची धास्ती जास्त. शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे पहिलं रखडलं तर पुढची जबाबदारी विमान कंपनीची.

राधानगरला सावली भरपूर आहे. उंच, सरळ, जुनी झाडं थेट वाळूपर्यंत आलीत, त्यांच्या बुंध्याशी बसलं की समोर समुद्र. बाकं आहेत, स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायच्या खोल्याही आहेत. सकाळी सातच्या आत पोचा, तेव्हा जवळजवळ कुणी नसतं. वाळूत बारीक माश्या असतात, चावल्या की दोन-तीन दिवस खाज सुटते. पायाला खोबरेल तेल चोळून बसायचं, तिथले लोक तेच करतात. घडीची हलकी खुर्ची मिळाली तर हॉटेलातून मागून न्या, त्यांना वाळूतून उठायला त्रास होणार नाही. हॅवलॉकला एटीएम थोडी आहेत आणि सुट्टीत रिकामी होतात, रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच न्या.

शंखांचा डबा घरीच राहू द्या. किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळ, मेलेलं असलं तरी, आणि शंख-शिंपले नेता येत नाहीत. विमानतळावर सामान तपासतात, काढून घेतात, आणि काही जातींबाबत वन्यजीव कायद्याखाली प्रकरण वाढू शकतं. शिवाय रिकाम्या शंखात तिथले छोटे खेकडे घर करतात. संध्याकाळी किनाऱ्यावर बसलं की शंखच चालताना दिसतात, मुलाला तासभर पुरेल एवढी करमणूक आहे. डब्याऐवजी त्याच्याकडे एक वही द्या, दिसलेले मासे काढायला. जुनी, लालसर केशरी २० रुपयांची नोट घरात कुठे सापडली तर तीही बरोबर द्या. तिच्या मागचं माडांचं आणि दीपगृहाचं चित्र नॉर्थ बेचं आहे. माउंट हॅरिएटवरून, ज्याला आता माउंट मणिपूर म्हणतात, अगदी तसंच दिसतं. पाचव्या दिवशी तुरुंग आधीच बघून झाला असेल तर गाडीने वरपर्यंत जाता येतं, चढायचं काही नाही.

चौघांची मूळ आधारकार्डं हातातल्या पिशवीत ठेवा, मुलाचंही. बोटीत चढताना मागतात. तिकिटं हातात आली की बोटींच्या वेळा इथे टाका, मी बघून सांगते.